फिरंगी धोत्रा : रस्त्याकडेच्या एका रोपाची तीन नावे

#थ्रेड

१/ हिवाळा सरता सरता महाराष्ट्रातील पडीक रानात, नदीच्या कोरड्या पात्रात, रेल्वेरुळांच्या कडेला आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर एक काटेरी रोप हमखास फुललेले दिसते. निळसर हिरवी पाने, त्यांवर पांढऱ्या शिरांची नक्षी, कागदासारख्या पातळ पाकळ्यांचे पिवळे फूल आणि काट्यांनी भरलेले बोंड. देठ मोडला की पिवळाधमक चीक ओघळतो. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. हा पिवळा धोत्रा.

२/ त्याला नावे पुष्कळ आहेत. मराठीत पिवळा धोत्रा, काटेधोत्रा, बिलायत आणि फिरंगी धोत्रा. हिंदीत सत्यानाशी. बंगालीत शियालकाँटा, म्हणजे कोल्ह्याचा काटा. संस्कृत निघंटूंच्या आधारे त्याला स्वर्णक्षीरी म्हटले जाते. वनस्पतिशास्त्रात तो आर्जिमोनी मेक्सिकाना. यांपैकी तीन नावांचा माग काढला, तर ‘पारंपरिक औषध’ या शब्दाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

३/ पहिले नाव, फिरंगी धोत्रा. मुळात हा धोत्राच नव्हे. धोत्रा वांग्याच्या कुळातला, तर हे रोप अफू आणि खसखशीच्या कुळातले. साम्य आहे ते काटेरी बोंडाचे. अनोळखी रोप दिसले, तेव्हा लोकांनी ते ओळखीच्या धोत्र्याशेजारी नेऊन ठेवले आणि फरक कळावा म्हणून पुढे ‘फिरंगी’ हे विशेषण लावले.

४/ ‘फिरंगी’ हा शब्द ‘फ्रँक’ या युरोपीय लोकनामावरून अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मराठी कागदपत्रांत तो प्रामुख्याने पोर्तुगीजांसाठी आणि एकूणच टोपीकरांसाठी वापरला जाई. ‘बिलायत’ या नावातही ‘विलायत’ ऐकू येते. म्हणजे हे रोप परमुलखातून आले, ही आठवण बोलीने जपून ठेवली. ही आठवण कितपत खरी आहे?

५/ बरीचशी खरी आहे. रोप युरोपचे नाही, अमेरिका खंडातले आहे. मेक्सिकोत त्याला आजही चिकालोते म्हणतात. हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआतल भाषेतून स्पॅनिशमध्ये आला. तेथील लोकवैद्यकात या रोपाचा वापर स्पॅनिश सत्तेच्या आधीपासून होत होता. स्पॅनिश लोकांनी त्याच्या काटेरी बोंडाला दिलेले एक नाव मोठे बोलके आहे : ‘नरकाचे अंजीर’.

६/ १४९२ नंतर अमेरिकेतील वनस्पती जगभर पसरल्या. मिरची, पेरू, सीताफळ, अननस, तंबाखू हे सारे त्याच लाटेत भारतात आले. ती पिके माणसाने मुद्दाम आणून लावली. तण मात्र निमंत्रणाची वाट पाहत नाही. एका बोंडात शेकडो बारीक बिया असतात. धान्याच्या पोत्यांतून, मातीतून आणि सामानातून त्या सहज प्रवास करतात. मोकळी, उकरलेली जमीन मिळाली की पुढचे काम रोप स्वतःच करते.

७/ दुसरे नाव, आर्जिमोनी. हा प्राचीन ग्रीक शब्द आहे. ‘आर्गेमा’ म्हणजे डोळ्यावरचा पांढरा डाग, मराठीत ज्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात तो विकार. त्यावर उपयोगी पडणाऱ्या, खसखशीसारख्या दिसणाऱ्या एका वनस्पतीला ग्रीक-रोमन ग्रंथकार आर्जिमोनी म्हणत. ती भूमध्य समुद्राच्या परिसरातील वनस्पती होती. अमेरिकेचे तर त्यांना नावही ठाऊक नव्हते.

८/ पुढे युरोपीय अभ्यासकांच्या हाती मेक्सिकोतील रोप आले, तेव्हा त्यांनी हे जुने ग्रीक नाव त्याला बहाल केले. कार्ल लिनियसने १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात ‘आर्जिमोनी मेक्सिकाना’ असे नाव नोंदवले. नावाचा पहिला अर्धा भाग ग्रीकांकडून उसना घेतलेला, दुसरा मात्र प्रामाणिक : ‘मेक्सिकोची’.

९/ तिसरे नाव, स्वर्णक्षीरी, म्हणजे सोनेरी चिकाची. हे नाव जुने आहे. चरकसंहितेतील भेदनीय गणात, म्हणजे साचलेला मळ मोडून बाहेर काढणाऱ्या औषधांच्या यादीत, स्वर्णक्षीरिणी येते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तिचे पर्याय दिले आहेत. त्यांत ‘पीतदुग्धा’ आहे, तसेच ‘हैमवती’ही आहे. मुळाला ‘चोक’ म्हणतात, असेही तिथे सांगितले आहे.

१०/ अडचण इथेच आहे. चरकसंहिता कोलंबसाच्या सफरीपेक्षा हजाराहून अधिक वर्षे जुनी. मग मेक्सिकोचे रोप तिच्यात कसे असेल? ‘हैमवती’ हे नाव तर थेट हिमालयाकडे बोट दाखवते, आणि पिवळा धोत्रा हे उष्ण मैदानी प्रदेशातले तण. जुन्या ग्रंथांतील स्वर्णक्षीरी ही हिमालयातील, बहुधा शेराच्या कुळातील एखादी वनस्पती असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

११/ यावर एक आक्षेप घेतला जातो. भारतातील प्राचीन वसाहतींच्या उत्खननात पिवळ्या धोत्र्याचे अवशेष मिळाल्याचे दावे झाले आहेत. परंतु बारीक बिया मुंग्या, उंदीर आणि मुळांच्या वाटांनी वरच्या थरातून खालच्या थरात उतरू शकतात. म्हणून अशा दाव्याला त्या अवशेषाचेच थेट कालमापन लागते. या वंशातील बाकीच्या बहुतेक जातीही मूळच्या अमेरिकेच्याच परिसरातल्या आहेत. त्यामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांचा सर्वसाधारण कौल आजही अमेरिकी उगमाच्या बाजूने आहे.

१२/ मग ही अदलाबदल झाली कशी? त्याचा तर्क कठीण नाही. ग्रंथात ‘सोनेरी चीक’ हे लक्षण होते. मूळ वनस्पती दूरच्या डोंगरात, मैदानातल्या वैद्याला सहसा न मिळणारी. आणि इथे दारातच एक रोप उगवलेले, ज्याचा देठ मोडला की सोनेरी चीक वाहतो. लक्षण जुळले, नाव चिकटले. ग्रीक नावाच्या बाबतीत युरोपात जे घडले, तेच इथेही घडले. नव्या रोपाला जुने नाव मिळाले, आणि नावासोबत जुन्या ग्रंथांची प्रतिष्ठाही.

१३/ परंपरेला नवेपणाची जाणीवच नव्हती, असे मात्र नाही. ज्या भावप्रकाशात स्वर्णक्षीरी आहे, त्याच ग्रंथात ‘फिरंग रोग’ही आहे. उपदंशाच्या या नव्या साथीला भावमिश्राने फिरंग्यांचेच नाव दिले आणि तिच्यावर चोपचिनी हे परदेशातून येणारे मूळ सुचवले. नवा रोग नवा म्हणून आणि बाहेरचे औषध बाहेरचे म्हणून नोंदवण्याची क्षमता त्या परंपरेत होती. ‘फिरंगी धोत्रा’ म्हणणारी बोली याच वृत्तीची.

१४/ एकोणिसाव्या शतकापर्यंत हे रोप देशी उपचारांत पुरते रुळले होते. व्हाइटलॉ एन्स्ली यांच्या १८२६ च्या ‘मटेरिया इंडिका’त, दक्षिणेतील वैद्य त्याचा पिवळा चीक डोळे आल्यावर वापरतात, अशी नोंद आहे. विल्यम डायमॉक आणि सहकाऱ्यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त (१८९०-९३) कोकणात त्याचा रस दुधातून महारोगावर देत असल्याचे सांगितले आहे. खरूज, नायटा आणि चामखीळ यांवर चीक लावणे, बिया रेचक म्हणून देणे, हे उपयोगही अनेक प्रांतांत प्रचलित होते.

१५/ नावांचा गोंधळ इथेही पाठ सोडत नाही. तमिळमध्ये या रोपाला ब्रह्मदंडू म्हणतात. मराठीत ब्रह्मदंडी म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातली निराळीच वनस्पती. एका प्रांतातील पाककृती दुसऱ्या प्रांतात गेली आणि केवळ नावावर विसंबून औषध गोळा केले, तर रोग्याच्या हाती भलतीच वनस्पती पडायची.

१६/ येथवर हा शब्दांचा इतिहास वाटेल. पुढचा भाग माणसांच्या जिवाचा आहे. पिवळ्या धोत्र्याच्या काळपट, बारीक बिया मोहरीसारख्या दिसतात. रोप रब्बीच्या शेतात मोहरीच्या जोडीने वाढते आणि त्याच सुमारास पिकते. बिया मोहरीत मिसळल्या की घाण्यातून निघणाऱ्या तेलात मिसळतात. १८७७ मध्ये कलकत्त्यात एका विचित्र साथीची नोंद झाली : पाय सुजणे, धाप लागणे, हृदय थकत जाणे. तिला ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’, म्हणजे साथीची सूज, असे नाव पडले. लगोलग मॉरिशसमधील भारतीय मजुरांतही तशीच साथ दिसली.

१७/ कारण सापडायला सुमारे अर्धे शतक लागले. कोणी तिला बेरीबेरी मानले, कोणी जंतुसंसर्ग, कोणी खराब तांदळाला दोष दिला. १९२६ मध्ये एस. एल. सरकार यांनी मोहरीच्या तेलातील या बियांकडे लक्ष वेधले. १९३० च्या दशकात कलकत्त्यात आर. बी. लाल आणि एस. सी. रॉय, तसेच कर्नल आर. एन. चोप्रा यांच्या संशोधनाने दोष पिवळ्या धोत्र्याच्या तेलाचाच असल्याचे सिद्ध झाले.

१८/ तेलातील विषाचे नाव सँग्विनरीन. त्यामुळे केशवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपू लागतो आणि अंगावर सूज चढते. हृदय थकून मृत्यू येऊ शकतो. काही रोग्यांना काचबिंदू होऊन दृष्टी गमवावी लागते. ज्या रोपाचे ग्रीक नाव डोळ्याच्या औषधावरून आले आणि ज्याचा चीक वैद्य डोळ्यांत घालत, त्याच्याच बियांचे तेल डोळे घालवते.

१९/ कारण कळले तरी साथी थांबल्या नाहीत. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत पुन्हा तीच सूज आली. सुमारे ३,००० लोक आजारी पडले आणि ६० च्या आसपास दगावले. मोहरीच्या सुट्या तेलाच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. या साथी प्रामुख्याने बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, दिल्ली अशा भागांत दिसतात, कारण तिथला स्वयंपाक मोहरीच्या तेलावर चालतो. महाराष्ट्रात शेंगदाणा आणि करडई यांच्या तेलाची सवय होती. रोप इथेही भरपूर आहे, पण ते इथल्या घाण्यापर्यंत तसे पोहोचले नाही.

२०/ हे मृत्यू वैद्याच्या औषधाने नव्हे, भेसळीने झाले, हे स्पष्ट असायला हवे. लोकौषध म्हणून या रोपात काहीच नाही, असेही नाही. पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात त्याच्या काढ्याचा वापर साध्या हिवतापावर करतात. संशोधकांनी तिथे रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी घेतली आणि निष्कर्ष आशादायक निघाले. मालीतही हे रोप अमेरिकेतूनच गेलेले. म्हणजे त्यांची ‘परंपरा’ही काही शतकांचीच. तिचे मोल ठरले ते वयावरून नव्हे, तपासणीवरून.

२१/ पिवळ्या धोत्र्याच्या औषधी उपयोगांचे वर्णन करताना ‘हजारो वर्षांपासून’ हे शब्द सर्रास लिहिले जातात. त्यामागचा युक्तिवाद असा, की इतका दीर्घ काळ वापरलेले औषध घातक असते, तर ते केव्हाच उघड झाले असते. इथे तो युक्तिवादच कोसळतो. हजारो वर्षांची कसोटी झाली असेल, तर ती हिमालयातल्या कुठल्यातरी दुसऱ्या वनस्पतीची. हे रोप त्या परीक्षेला बसलेच नव्हते, केवळ उत्तीर्णाचे नाव त्याला मिळाले.

२२/ म्हणून कोणतीही वनौषधी जुनी म्हणून समोर आली, की इतिहासाच्या अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत : ग्रंथातले नाव किती जुने आहे, आणि आज त्या नावाने ओळखले जाणारे रोप तेच आहे का? पहिल्याचे उत्तर पोथीत मिळते. दुसऱ्याचे उत्तर कधीकधी बांधावरच्या माणसाच्या बोलीत असते. संस्कृत आणि ग्रीक या दोन्ही नावांनी या रोपाला पुरातन करून टाकले. ते समुद्रापलीकडून आले आहे, हे लक्षात ठेवले ‘फिरंगी धोत्रा’ म्हणणाऱ्यांनी.

#इतिहास #वनस्पती #मराठी