ड्रॅग रेसिंग कारचं स्केल मॉडेल: बनवायचं कसं, शेअर करायचं कसं?

ड्रॅग रेस म्हणजे सरळ ट्रॅकवर, थांबलेल्या स्थितीतून सुटणाऱ्या दोन गाड्यांची शर्यत. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. भिसेगाव-कर्जतच्या रस्त्यावर हे करणं म्हणजे जिवाशी खेळ! पण १:२४ स्केलमध्ये तोच ट्रॅक जेमतेम १६.८ मीटरचा होतो.

१:२४ म्हणजे काय?
खऱ्या गाडीचं प्रत्येक माप भागिले २४. टॉप फ्युएल ड्रॅगस्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ७.६२ मीटरपर्यंत असतं. मॉडेलमध्ये ते साधारण ३२ सेंमी येतं.

बनवताना
मागचे टायर रुंद, पुढचे बारीक ठेवा, कारण इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जाते. गोंद आणि स्प्रे पेंट वापरताना खिडकी उघडी हवीच.

फोटो काढताना
फोन चाकांच्या उंचीवर आणा, थोडं मागे सरकून झूम करा. फार जवळून काढलं तर गाडीचं नाक फुगलेलं दिसतं.

शेअर करताना
आधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर त्यात तुमच्या घराचं ठिकाणही जाऊ शकतं. सोबत स्केल आणि स्वतः बनवलेले पार्ट लिहा, म्हणजे दुसऱ्यालाही तसंच मॉडेल बनवता येईल.