वळकटी कोणी वाहायची? वारीतल्या सामानाचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हांला थोडा खोचक प्रश्न विचारला. "सर, तुम्ही पायी वारी केली म्हणता, पण तुमचं सामान तर ट्रकमधून जातं. मग ती पायी वारी कसली?" सभागृहात हशा पिकला, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र वाटलं, की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यात्रेकरूने आपलं ओझं स्वतः वाहावं की नाही, हा जगभरच्या यात्रांमधला जुना वाद आहे. आज त्याबद्दलच बोलू या.

आधी व्यवस्था कशी चालते ते पाहू. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात असते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, असे तळ. दिवस पावसाचे. माणूस चालतो रस्त्याने, पण त्याला रात्री अंथरूण लागतं, कोरडं धोतर किंवा लुगडं लागतं, दोन वेळचं जेवण लागतं. हे सगळं रोज एका तळावरून उचलून पुढच्या तळावर माणसांच्या आधी पोचवावं लागतं. दिंडीत दोनशे माणसं असतील, तर दोनशे वळकट्या, दोनशे पिशव्या, तंबू, बांबू, दोरखंड, पातेली, शेगड्या, धान्याची पोती, पाण्याची पिंपं, एवढा सगळा पसारा रोज उभा राहतो आणि रोज मोडतो.

दिंडीत नाव घातलं की भिशी भरायची. त्या पैशात जेवण, राहुटी आणि सामानाची गाडी आली. सूचना ठरलेल्या असतात: एक वळकटी, एक पिशवी, ताट-वाटी-तांब्या. प्रत्येक वस्तूवर नाव आणि दिंडीचा क्रमांक. पहाटे अंधारातच अंथरूण गुंडाळून गाडीपाशी नेऊन द्यायचं. गाडी भरण्याचंही शास्त्र आहे. जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. वळकट्या तळाशी, कारण त्या रात्री लागतात. तंबू आणि स्वयंपाकाची भांडी सगळ्यांत शेवटी, कारण तळावर पोचल्याबरोबर तीच उतरवायची असतात. नवख्या माणसाने हे उलटं केलं, तर दोनशे माणसांचं जेवण दोन तास लांबतं.

आणि वस्तू हरवली तर? त्याचीही सोय परंपरेत आहे. तळावर रोज संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो, टाळ थांबतात. मग दिंड्यांच्या तक्रारी ऐकल्या जातात आणि हरवल्या-सापडल्याची यादी पुकारली जाते. आमच्या पहिल्याच वारीत आमचा होल्डॉल चुकून दुसऱ्या दिंडीच्या गाडीत गेला होता. तेव्हा आमची चाळिशी नुकतीच उलटली होती आणि तत्त्वज्ञान शिकवत असल्याचा थोडा ताठाही होता. अपरिग्रहावर वर्गात तासन्‌तास बोलणारे आम्ही त्या रात्री एका चादरीसाठी कासावीस झालो. दुसऱ्या दिवशी समाजआरतीत आमचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा झालेला आनंद कुठल्याही तात्त्विक व्याख्येत बसणारा नव्हता.

आता मागे जाऊ. वारी ज्ञानदेवांच्याही आधीची मानतात. त्या काळी वारकरी निघायचा तो खांद्यावर पडशी टाकून. पडशीत शिदोरी आणि एखादं जास्तीचं वस्त्र. बाकी सगळं वाटेवरच्या गावांवर आणि ओळखीच्या घरांवर सोपवलेलं. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत घालून वारीला सोहळ्याचं रूप दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा सुरू केला आणि त्याला शिस्त लावली. हे हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. परंपरा असं सांगते, की ते कमावलेलं धन घेऊन गावी परतत असताना वाटेत लुटारूंनी त्यांना पकडलं. कैदेत त्यांनी हरिपाठ चालू ठेवला. पुढे सुटका झाली, ती थेट आळंदीची वाट धरण्यासाठीच. आख्यायिकेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवू. आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घ्या: ज्याने सोहळ्याची शिस्त घडवली, त्याच्या गोष्टीची सुरुवातच सामान गमावण्यापासून होते.

पण बघा, याच हैबतबाबांनी सोहळा बिनसामानाचा केला नाही. उलट अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आले, माउलींसाठी तंबू आला, नैवेद्याची व्यवस्था आली. एकट्याने चालायचं तर पडशी पुरते; हजारोंनी चालायचं तर तंबू लागतो, आणि तंबू आला की तो वाहणारं जनावर किंवा गाडी आली. बैलगाड्या आल्या आणि मोटारी रुळल्यावर ट्रक आले. दिवेघाट चढताना भरलेल्या गाडीच्या बैलांचं काय होत असेल, याची कल्पना तो घाट पायी चढलेल्या कुणालाही करता येईल.

इथे थोडं परदेशात डोकावू, कारण हाच वाद तिथे फार स्पष्टपणे मांडला जातो. स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाण्याची परंपरा मध्ययुगापासूनची. बाराव्या शतकातल्या 'कोदेक्स कालिक्स्तिनुस' या लॅटिन संग्रहात एक प्रवचन आहे. त्यात यात्रेकरूच्या झोळीचा अर्थ सांगितला आहे. झोळी लहान असावी, म्हणजे भिस्त देवावर राहील. आणि तिचं तोंड बांधलेलं नसावं, म्हणजे आपल्याजवळचं गरिबाला देता येईल. आज त्याच वाटेवर रोज सकाळी पाठपिशव्यांना लिफाफे बांधले जातात. लिफाफ्यावर नाव आणि पुढच्या मुक्कामाचा पत्ता, आत ठरलेले पैसे. गाडी येते, पिशवी घेऊन जाते. स्पेनचं टपाल खातंसुद्धा ही सेवा देतं. त्यावरून तिथे वाद होतात: स्वतःची पिशवी वाहणारा खरा यात्रेकरू, की न वाहणाराही? काही यात्री-निवास तर आधी पाठवलेलं सामान घेतच नाहीत.

वारीत हा वाद आम्ही कधी ऐकला नाही. का नाही? आमचं मत असं, की तिकडे चालण्याचं एकक व्यक्ती आहे आणि इकडे ते दिंडी आहे. तिकडे माझी पिशवी, माझा लिफाफा, माझे पैसे. इकडे गाडी दिंडीची. विणेकरी वीणा धरतो, टाळकरी टाळ वाजवतात, बाया तुळस घेऊन चालतात, तसंच कुणीतरी सामान नेतो. कामं वाटलेली आहेत. त्यामुळे 'तुझं ओझं तू का नाही वाहिलंस' हा प्रश्नच तिथे नीट उभा राहत नाही.

हे आम्ही अनेक वर्षं मोठ्या खुशीत सांगत असू. पण त्यात दोन खोट आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय आजचं बोलणं प्रामाणिक होणार नाही.

पहिली खोट इतिहासातली. दिंडी एक, असं म्हणताना ती खरंच एक होती का? इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. त्या ज्या दिंडीत चालल्या, त्यात ब्राह्मण आणि मराठा यांच्या पंगती वेगळ्या होत्या. दिवसभर एकत्र अभंग म्हणणारी माणसं जेवताना वेगळी बसत, आणि ते त्यांना रोज सलत राहिलं. सोवळ्या-ओवळ्याच्या त्या जगात कुणाची वळकटी कुणाच्या वळकटीवर ठेवायची, कुणाचा तांब्या कुणाच्या पोत्यात घालायचा, हा साधा प्रश्न नव्हता. ज्यांना अस्पृश्य मानलं गेलं त्यांना विठ्ठलाच्या देवळाचं दार उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. आज ट्रकमध्ये सगळ्यांच्या वळकट्या एकमेकींवर निर्धास्त पडलेल्या असतात. आम्हांला तो ढीग पाहिला की बरं वाटतं.

दुसरी खोट आमच्या स्वतःच्या पाहण्यातली. आमच्या दिंडीच्या गाडीवर एक माणूस होता. सामान चढवणं, उतरवणं, तंबू ठोकणं, चर खणणं, सगळं त्याच्याकडे. सहाव्या वारीत एकदा आम्ही त्याला सहज विचारलं, "दादा, तुमची कितवी वारी?" म्हणाला, "सोळावी." आम्ही म्हटलं, "म्हणजे रिंगणं कितीतरी पाहिली असतील." तो हसला. "माउली, रिंगण कसं बघणार? तेव्हा पुढं तंबू कोण ठोकणार?" सोळा वर्षांत त्याने एकही रिंगण पाहिलं नव्हतं.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आम्ही तिघा-चौघांनी दिंडीप्रमुखांशी बोलून ठरवलं, की एक दिवस गाडी आपण सांभाळायची. दिवस निवडला नातेपुते ते माळशिरसचा, कारण त्या वाटेवर पुरंदवड्याला गोल रिंगण असतं. त्याला टाळ देऊन चालायला पाठवलं आणि आम्ही गाडीत बसलो. खरं सांगतो, इतका थकवा चालून कधी आला नव्हता. चिखलात खुंट्या धरत नव्हत्या, एक तंबू दोनदा पडला, वळकट्या आम्ही उलट्या क्रमाने चढवल्या होत्या आणि जेवायला उशीर झाला. कुणी आम्हांला हार घातला नाही, कुणी पाया पडलं नाही. गाडीवाल्यांना कुणी 'वारकरी' म्हणून पाहत नाही, हे त्या एका दिवसात कळलं. संध्याकाळी तो परत आला, तेव्हा कपाळाला अश्वाच्या टापांखालची माती लावलेली होती. बोलला काहीच नाही. आमचे सैल झालेले दोर त्याने एकेक करून पुन्हा ताणले.

त्यानंतर आमच्या दिंडीत नियम झाला: दरवर्षी रिंगणाच्या एका दिवशी गाडीवरची माणसं चालतात आणि चालणाऱ्यांपैकी काही जण गाडीवर जातात. छोटा नियम आहे, पण मोडू दिलेला नाही.

म्हणून त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. होय, आमचं सामान ट्रकमधून गेलं आणि तरीही आमची वारी पायीच झाली. मात्र ते सामान ज्याने वाहिलं, त्याचीही ती वारी होती, हे आम्ही सोळा वर्षं चालणाऱ्या त्या माणसाला विचारेपर्यंत विसरलो होतो. सोहळ्याच्या इतिहासात मालक, चोपदार, मानकरी यांची नावं आहेत, आणि ती असायलाच हवीत. तंबू ठोकणाऱ्यांची नावं कुठे सापडत नाहीत. तुमच्यापैकी कुणी यंदा वारीला जाणार असाल, तर पहाटे वळकटी गाडीत टाकताना ती वर घेणाऱ्या हाताकडे जरा पाहा, आणि त्याला विचारा, शेवटचं रिंगण कधी पाहिलं.

आज इथेच थांबू. राम कृष्ण हरी.