डोंगराने ठरवलेलं कार्ड

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन ‘टीव्ही ट्यूनर कार्ड द्या’ म्हणणं सोपं होतं. गल्लीत कोणी ‘कॅप्चर कार्ड’ म्हणत नसे, आणि कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्ड करायचा तर ट्यूनर लागणारच, असं सगळे धरून चालत. पुण्यातल्या पुण्यात ते चालून जाई. भोरच्या किंवा वेल्ह्याच्या गिऱ्हाइकाने मात्र पैसे मोजण्याआधी सिंहगडाकडे बघायला हवं होतं.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून त्याचं सहप्रक्षेपण पुण्याला मिळू लागलं. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगराची धार आली की अडतात, नाहीतर कड्यावर आपटून किंचित उशिरा पोचतात. मग बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकट जुळी बहीण उभी राहते. वेल्हं (तालुक्याला आता राजगडाचं नाव दिलंय) तोरण्याच्या पायथ्याशी, आणि सिंहगडाकडून तिकडे यायचं तर पाबे घाट ओलांडावा लागतो. जो घाट एसटीला चढावा लागतो तो लहरींनाही चुकत नाही. छपरावरून सिंहगडावरचा मनोरा दिसला तर चित्र, नाहीतर मुंग्या. ट्यूनर कितीही भारी घेतला तरी तो मुंग्याच पकडणार.

ट्यूनर हा त्या कार्डातला पत्र्याचा छोटा डबा. अँटेनाची वायर त्यात जाते. खरं काम शेजारची काळी चिप करते. पडद्यावरच्या प्रत्येक ओळीतले ठिपके ती मोजते आणि त्यांचे आकडे करते. चिमणी अंगणातले दाणे टिपते, फोटोग्राफर क्षण टिपतो, तसंच हे. ‘टिपणं’ इतका चोख शब्द हाताशी असून ‘कॅप्चर’साठी आपण तो वापरला नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

या टिपण्याचं माप ठरलं 1982 साली, म्हणजे दिल्लीच्या एशियाडने आपल्याकडे रंगीत टीव्ही आणला त्याच वर्षी. अमेरिका-जपानचं चित्र 525 ओळींचं, आपलं 625 ओळींचं. दोघांनाही बसेल असा एकच वेग स्टुडिओंना हवा होता. सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय समितीच्या 601 क्रमांकाच्या शिफारशीत तो सापडला: सेकंदाला 1 कोटी 35 लाख वेळा टिपायचं. त्या वेगाने आपल्या एका ओळीत 864 ठिपके येतात, त्यांच्या ओळीत 858. यातले पडद्यावरच्या चित्राचे मात्र दोन्हीकडे 720च. हिशोब इतका बेमालूम जुळलेला बघून आपल्या जुन्या पंचांगकर्त्यांनीही मान डोलावली असती.

स्टुडिओतलं हे माप घरच्या कॉम्प्युटरपर्यंत आणलं ते 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रुकट्री कंपनीच्या बीटी848 आणि बीटी878 या चिपांनी. खोक्यावर नाव वेगळं, किंमत वेगळी. स्टिकर उचकटून बघितलं तर पुष्कळदा आत चिप तीच. तेव्हा ब्रँडवरून होणारे वाद बरेचसे खोक्याच्या रंगाचेच होते.

अडचण निराळीच होती. एका चित्रात 720 गुणिले 576 ठिपके, प्रत्येकाला दोन बाइट, सेकंदाला 25 चित्रं: दर सेकंदाला दोन कोटी बाइटांहून जास्त. तासाभराच्या मालिकेला जवळपास 75 जीबी! तेव्हाच्या घरगुती हार्ड डिस्कमध्ये एवढं मावत नसे. म्हणून लोक चित्र आडवं-उभं निम्मं करत किंवा प्रोसेसरला घाम फोडत. पुढे एमपीईजी-2 मध्ये आवळण्याचं काम कार्डावरच करणारी महाग कार्डं आली. सेकंदाला 60 लाख बिट धरले तर तास पावणेतीन जीबीत बसू लागला. माझ्या मते पैसे टाकावेत असं कार्ड तेव्हापासूनच मिळायला लागलं.

असं रेकॉर्डिंग करणं चोरी आहे का, ही शंका कोणीतरी काढतंच. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं 39वं कलम स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपण टिपून ठेवायला मोकळीक देतं. गावभर सीड्या वाटायला नाही.

डोंगराचं कोडं सुटलं ते डिशच्या छत्रीने. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा सुरू झाली. आताच्या डीडी फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. भोर-वेल्ह्यातून बघितलं तर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 59 अंश वर. सिंहगडाच्या लहरी आडव्या येत होत्या, या डोक्यावरून उतरतात. खोऱ्यातल्या अंगणातूनही छत्री डोंगराच्या माथ्यावरून सहज पलीकडे बघते.

छत्री आली तसा कार्डातला पत्र्याचा डबा बिनकामाचा झाला. सेट-टॉप बॉक्समधून निघालेली पिवळी वायर थेट चिपपर्यंत नेली की काम भागलं. त्याहून शहाण्या माणसाने डीव्हीबी-एस कार्ड घेतलं असतं. त्यात टिपायचं काही नसतंच: फ्री डिशच्या खुल्या वाहिन्यांचे आकडे उपग्रहावरून येतात तसेच डिस्कवर उतरतात, पुन्हा मोजण्यात काही सांडत नाही.

पिवळ्या वायरीचं कार्ड तरीही मेलं नाही. आता ते यूएसबीच्या कांडीएवढं झालंय, आणि त्याला जोडला जातो तो माळ्यावरून उतरवलेला व्हीसीआर, लग्नाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला. वेल्ह्यासारख्या मुसळधार पावसाच्या मुलखात या कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट सरळ आत घातली तर हेड बरबटतं आणि त्यानंतरची चांगली कॅसेटही खराब होते. म्हणून आधी झाकण उचलून, फीत उजेडात धरून बघायची, आणि मगच कांडी विकत घ्यायला निघायचं.