ट्रॅक डे म्हणजे काय? हॉट हॅचबॅक ट्रॅकवर नेण्याआधी समजून घ्या उष्णतेचं गणित

मोबाईलवर वीस मिनिटं गेम खेळा, तोही चार्जिंगला लावून. फोन तापतो, स्क्रीनचा उजेड आपोआप कमी होतो आणि गेम अडखळायला लागतो. फोन बिघडलेला नसतो. प्रोसेसर जळू नये म्हणून फोननेच स्वतःचा वेग कमी केलेला असतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल.

गाडीचंही असंच असतं. रस्त्यावर ते सहसा जाणवत नाही, ट्रॅकवर मात्र दहा मिनिटांत कळतं. आपल्या गाडीतला एक भाग मात्र असा आहे की तो तापला तर त्याला वाचवणारं कुठलंच सॉफ्टवेअर नाही. तो भाग कोणता, ते पुढे बघू. आधी थोडी पार्श्वभूमी.

वेगवान हॅचबॅक आपल्याच भागातल्या

हॉट हॅच म्हणजे रोजच्या वापराची छोटी हॅचबॅक, पण इंजिन आणि सस्पेन्शन जरा तिखट. १९७६ साली आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला. तिची पॉवर होती ११० पीएस. आपल्याकडच्या शेवटच्या पोलो १.० टीएसआयचीही तेवढीच होती, आणि ती पोलो चाकणला बनायची. २०१५ साली आलेली अबार्थ पुंटो तर थेट शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यातली. १.४ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक.

मी मूळचा शिरूरचा, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, मावशी दौंडला. त्यामुळे शिरूर–न्हावरा–चौफुला हा रस्ता मला पाठ आहे. या पट्ट्यात सेकंडहँड पोलो किंवा पुंटो घेऊन तिला रिमॅप मारणारी पोरं कमी नाहीत. गाडी झाली की प्रश्न येतो, पळवायची कुठे? मग रात्री रिकामा रस्ता बघून स्पीडोमीटरची रील काढली जाते. त्याच रस्त्यावर गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चाललेले असतात, आणि मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. १४० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास ३९ मीटर जाते. हेडलाइटच्या उजेडात ट्रॉली दिसून मेंदूने पायाला निरोप देईपर्यंत त्यातलं बरंच अंतर संपलेलं असतं.

कायद्याच्या बाजूनेही बघा. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून ट्रॅक डे.

ट्रॅक डे म्हणजे नेमकं काय?

बंद सर्किट, एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्या, समोरून कोणी येणार नाही, कडेला मार्शल आणि जवळ रुग्णवाहिका. फी भरायची, आपलीच गाडी आणायची आणि आपल्या गटाची पाळी आली की चालवायची. एक पाळी साधारण १५ ते २० मिनिटांची. ही शर्यत नसते. नंबर काढत नाहीत, बक्षीस नसतं. नवखे आणि अनुभवी यांचे गट वेगळे ठेवतात आणि ओव्हरटेक ठरलेल्या सरळ भागातच, पुढच्याने हाताने खूण केल्यावर करायचा असतो.

आपल्याला सर्वांत जवळचं म्हणजे मावळ तालुक्यातलं नाणोली स्पीडवे. शिरूरहून शिक्रापूर, चाकण करत तळेगावच्या बाजूला जायचं. मोठी सर्किट्स लांब आहेत. कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला साधारण ३.७ किमीचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. या शेवटच्या ट्रॅकवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली होती. दौंडवरून चेन्नईची रेल्वे मिळते हो, पण गाडी न्यायची तर हजार किलोमीटरच्या वर ड्रायव्हिंग आहे. म्हणून पहिला ट्रॅक डे जवळचाच बघा.

आता ते गणित

गाडी आणि ड्रायव्हर मिळून १,२०० किलो धरू. सरळ भागात वेग १४०, पुढे वळण आहे म्हणून ब्रेक मारून ६० वर आणायचा. बारावीच्या फिजिक्समधलं गतिज ऊर्जेचं सूत्र लावलं तर या एका ब्रेकिंगमध्ये साधारण ७४० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. एवढ्या उष्णतेत सव्वादोन लिटरहून जास्त पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत जाईल. आणि हे सगळं तीन-चार सेकंदांत.

ही उष्णता जाते कुठे? सुमारे ७० टक्के पुढच्या ब्रेकमध्ये. पुढच्या दोन्ही डिस्क मिळून १२ किलो लोखंड धरलं, तर एका ब्रेकिंगला त्यांचं तापमान ९० अंशांच्या आसपास वाढतं. एका लॅपमध्ये असे तीन ब्रेक, असे सहा-सात लॅप. मधल्या वाऱ्याने डिस्क थोडी थंड होते, तरी ट्रॅकवर ती ४००–५०० अंशांवर जाणं नेहमीचंच. डिस्कवरून उष्णता पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते.

इथेच तो भाग येतो. इंजिनमध्ये जाणारी हवा तापली की ईसीयू इग्निशन मागे घेतो, बूस्ट कमी करतो. इंजिन वाचतं, फक्त पॉवर पडते. फोनसारखंच. ब्रेक ऑइल मात्र उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे तुम्ही पेडल मारता, ते थेट खाली जाऊन बसतं आणि गाडी तशीच पुढे जाते. आधी स्क्रीनवर वॉर्निंग येईल, वेग आपोआप कमी होईल, असलं काही होत नाही.

मग पैसे आधी कुठे घालायचे?

बहुतेक जण सुरुवात रिमॅपपासून करतात. माझा सल्ला उलटा आहे, कारण वाढलेली पॉवर म्हणजे सरळ भागाच्या टोकाला जास्त वेग आणि त्याच ब्रेकवर जास्त उष्णता.

१. ब्रेक ऑइल. हे हवेतलं पाणी शोषून घेतं आणि पाणी मिसळलं की उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ च्या मानकानुसार ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषलेल्याचा किमान १५५. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. म्हणजे तीन वर्षं न बदललेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर गेलात तर उकळायला फारशी वाट बघावी लागत नाही. ट्रॅक डेच्या आधी पूर्ण बदलून, हवा काढून घ्या. सगळ्या तयारीतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा खर्च. लक्षात ठेवा, डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं. ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. नाव सारखं वाटतं, पदार्थ वेगळा.

२. ब्रेक पॅड. निम्म्याहून कमी उरले असतील तर बदला. जास्त तापमान सहन करणारे पॅड मिळतात, पण पूर्ण रेसिंगचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. घरी परतीचा रस्ता त्याच गाडीने कापायचा आहे, त्यामुळे रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले घ्या.

३. टायर. कंपनीने दिलेल्याच साइजचे, पण चांगल्या पकडीचे. टायर तापला की आतली हवा प्रसरण पावते. थंड असताना ३२ पीएसआय असेल आणि आतली हवा ४० अंशांनी तापली, तर दाब ३८ च्या आसपास जातो. टायर फुगतो, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो आणि गाडी घसरायला लागते. म्हणून पाळी संपली की लगेच प्रेशर मोजा आणि जास्तीची हवा सोडा. परतताना पुन्हा भरा, हे विसरू नका.

४. चाकांचे बोल्ट. टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. पोलोसाठी तो १२० न्यूटन-मीटर आहे. पाळी झाल्यावर चाकं थंड झाली की परत तपासा.

माझ्या पोलोत एवढंच केलंय. ऑइल, पॅड, टायर. पॉवर कंपनीची तशीच आहे.

रिमॅपबद्दल थोडं, सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेतून

ईसीयूमध्ये टेबलं असतात. अमुक आरपीएम आणि अमुक लोड असेल तर इग्निशन किती आधी, बूस्ट किती, इंधन किती. रिमॅप म्हणजे या टेबलांतले आकडे बदलणं. कंपनीने आकड्यांत जी मोकळी जागा ठेवलेली असते ती खराब पेट्रोल, मे महिन्यातलं ऊन आणि जुनं इंजिन यांच्यासाठी. रिमॅप तीच जागा खातो. रस्त्यावर पाच सेकंद फुल थ्रॉटल मारताना ते चालून जातं. ट्रॅकवर पंधरा मिनिटं सलग मारताना इंटरकूलर तापतो आणि ईसीयू पॉवर परत काढून घेतो.

कायदाही बघा. गाडीची मूळ नोंदणीतली वैशिष्ट्यं बदलणाऱ्या फेरफारांना कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

फोनचा उपयोग कसा करायचा?

रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटाइमरसारखं अॅप लॅपचा वेळ मोजतं. पण आयोजक टायमिंगला परवानगी देतात का, ते आधी विचारा. फोनचा जीपीएस साधारण सेकंदातून एकदाच जागा नोंदवतो. १२० च्या वेगाला दोन नोंदींमध्ये ३३ मीटर निघून जातात, मधलं सगळं अॅप अंदाजाने भरतं. म्हणून लॅपमध्ये एक सेकंद सुधारला तर आनंद माना, दोन दशांश सुधारले तर विसरून जा. बाहेरचा १० हर्ट्झचा जीपीएस रिसीव्हर जोडला तर हे अंतर ३.३ मीटरवर येतं.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे ओबीडी पोर्टला लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर. त्यातून कूलंटचं आणि इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचं तापमान वाचता येतं. हवेचं तापमान लॅपमागून लॅप चढत चाललं असेल तर समजा गाडी थकली. ब्रेक ऑइलचं तापमान मात्र कुठल्याही अॅपवर दिसणार नाही. तिथे तुमचा पायच सेन्सर. पेडल मऊ लागलं किंवा नेहमीपेक्षा खाली गेलं की ती पाळी तिथेच संपवायची.

फोन पक्क्या माउंटमध्ये लावा, काचेवर सक्शनने नको. डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती, पाण्याची बाटली, डिकीतली स्टेपनी, जॅक, सगळं काढून ठेवा. आणि चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही. डेटा नंतर चहा पिताना बघा.

त्या दिवशी काय करायचं?

सकाळची ब्रीफिंग चुकवू नका, झेंडे तिथेच समजावतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे पाळी थांबली, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागे तुमच्यापेक्षा वेगवान गाडी आहे. काळा तुमच्यासाठी दाखवला तर पिटमध्ये या. चौकटींचा म्हणजे वेळ संपली.

पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पातळ तळव्याचे बूट. पहिले दोन लॅप फक्त ट्रॅक शिकण्यासाठी. शेवटचा लॅप ब्रेक न वापरता, हळू, म्हणजे वाऱ्याने डिस्क थंड होतील. आणि पार्क केल्यावर हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. तापलेले ब्रेक आवळून ठेवले तर उष्णता एकाच जागी अडकते.

इन्शुरन्स

आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. आयोजकही तुमच्याकडून जबाबदारीच्या फॉर्मवर सही घेतात. त्यामुळे ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च खिशातून, असंच धरून चला. गाडी हप्त्यावर असेल आणि ती गेली तरी हप्ते चालूच राहतील. हा हिशेब झेपणारा नसेल तर आधी कार्टिंग करा. ब्रेक कधी मारायचा, नजर कुठे ठेवायची, हे तिथेही तेवढंच शिकायला मिळतं.

परत येताना

ट्रॅकवरून निघताना टायरची हवा भरा, बोल्ट तपासा, ब्रेक पेडल दोन-तीनदा दाबून बघा. मऊ वाटलं तर ऑइलमधली हवा काढल्याशिवाय निघू नका. दिवसभर १४० बघितल्यावर रस्त्यावरचे ८० फार हळू वाटतात, म्हणून अर्धा तास बसा, काहीतरी खा, मग स्टार्टर मारा. चाकण–शिक्रापूरला ट्रकची रांग असणारच आहे. आणि पुढे न्हावऱ्याकडे वळणार असाल तर उसाची ट्रॉली आहेच.