उन्हातील श्रम आणि सावलीचा हक्क : भारतातील कामगार संरक्षणाचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

भारतातील कामगार कायद्यांचा इतिहास बहुधा गिरणीच्या दारापासून सुरू होतो. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, बालकामगारांवरील निर्बंध आणि अपघाताची भरपाई हे त्यातील परिचित टप्पे होत. तथापि, या देशातील बहुसंख्य श्रमिक छपराखाली काम करणारे कधीच नव्हते. शेतमजूर, खडी फोडणारे, मिठागरांत व वीटभट्ट्यांवर राबणारे, ऊसतोडणी करणारे, रस्ते आणि इमारती बांधणारे या सर्वांचे कामाचे ठिकाण म्हणजे उघडे आकाश. गिरणी कामगाराच्या दृष्टीने यंत्र आणि धूळ यांना जे स्थान आहे, तेच यांच्या दृष्टीने उन्हाला आहे. असे असूनही ऊन हा ‘कामाच्या ठिकाणचा धोका’ म्हणून कायद्यात फार उशिरापर्यंत दिसत नाही. कायद्याने सावली कोणाला दिली, कोणत्या कारणासाठी दिली आणि कोणाला नाकारली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

वसाहतकालीन दृष्टिकोन

ब्रिटिश राजवटीत उन्हाची भीती नव्हती असे म्हणता येत नाही. उलट ती मोठ्या प्रमाणावर होती. परंतु ती गोऱ्या शरीराविषयी होती. सोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गरापासून बनविलेली टोपी युरोपीय अधिकारी व सैनिक यांच्या वेशाचा अविभाज्य भाग झाली. अमेरिकन लष्करी शल्यचिकित्सक चार्ल्स वुड्रफ यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उष्ण कटिबंधातील प्रकाश गौरवर्णीयांना अपायकारक असतो, असे सविस्तर प्रतिपादन केले. या विचारसरणीतून एक अनुमान सहज निघत होते. काळ्यासावळ्या त्वचेला निसर्गानेच संरक्षण दिले आहे आणि ‘देशी’ माणसाला उन्हाची सवय असते, तेव्हा त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था करण्याचे कारण नाही.

या अनुमानात अर्धसत्य आहे. त्वचेतील रंगद्रव्यामुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे खरे. मात्र शरीरातील पाणी कमी होणे, उष्माघात, मूत्रपिंडावर येणारा ताण आणि डोळ्यांतील मोतीबिंदू यांपासून ते रंगद्रव्य वाचवीत नाही. सवयीने शरीराची सहनशीलता काही अंशी वाढते. पण तिलाही मर्यादा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोला टोपी वापरातून गेली. ‘सवय असते’ ही समजूत मात्र टिकून राहिली.

छपराखालील मध्यान्ह

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांनी ज्या मागण्या केल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारी अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. १८९१ च्या सुधारित कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीची आणि मध्यान्हीच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद केली. हा कामगार चळवळीचा मोठा विजय होता. परंतु ‘दुपार’ ही कायद्याच्या भाषेत प्रथम आली ती छपराखालील कामगारासाठी, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील १९४८ च्या कारखाना कायद्यानेही हीच चौकट कायम ठेवली. त्याच्या तेराव्या कलमात कामाच्या खोलीतील हवा आणि तापमान यांचा विचार होता. भिंती व छप्पर तापमान कमी राहील अशा प्रकारचे असावे, असा दंडक होता. ज्याच्या कामाला भिंत आणि छप्परच नाही, तो स्वाभाविकपणे या कलमाच्या बाहेर राहिला.

छत्री, परंतु पावसासाठी

उघड्यावर काम करणाऱ्यांचा विचार ज्या कायद्यांत झाला, त्यांतील शब्दयोजना उद्बोधक आहे. १९५१ च्या मळे कामगार कायद्याच्या सतराव्या कलमानुसार कामगारांना छत्र्या, घोंगड्या, रेनकोट इत्यादी देण्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला होता. त्यामागील प्रयोजन स्पष्टपणे नमूद केले होते : पाऊस किंवा थंडी यांपासून संरक्षण. छत्री आली, पण ऊन हा शब्द आला नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत पडणाऱ्या वस्तूंपासून बचावासाठी शिरस्त्राण आणि पावसात काम करणाऱ्यांसाठी टोपीसह जलरोधक कोट यांची तरतूद होती. वैशाखातील उन्हाचा तेथे तसा उल्लेख नव्हता. पाऊस काम थांबवतो म्हणून तो मालकाला दिसतो. ऊन काम थांबवीत नाही, ते कामगाराला थकवते. कायद्याच्या दृष्टीतील हा भेद येथून समजून घेता येतो.

दुष्काळी कामे आणि मोजमापाची मजुरी

उन्हातील श्रमाचा सर्वांत मोठा सार्वजनिक अनुभव दुष्काळी कामांचा आहे. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी तिला विरोध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. वादाचा केंद्रबिंदू पोटाचा होता आणि ते साहजिकच होते.

सुमारे शंभर वर्षांनी, १९७२-७३ च्या दुष्काळात, महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ऐन उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात गेली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणे ही कामे प्रामुख्याने होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने अधिष्ठान दिले आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागण्याचा हक्क कायद्याने मान्य करणारी ही योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची पूर्वसूरी ठरली. २००५ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी आणि मुलांसाठी व विश्रांतीच्या वेळेसाठी सावली यांची तरतूद होती. सावली हा शब्द अखेर कायद्यात आला, हे या कायद्याचे श्रेय होय.

परंतु येथे एक अडचण उरतेच. अशा कामांवर मजुरी प्रायः मोजमापाने मिळते. किती घनमीटर माती उपसली, किती खडी फोडली, यावर दाम ठरते. ऊसतोडणीत कोयत्यामागे टनाचा हिशेब असतो. अशा व्यवस्थेत सावलीत घालवलेली प्रत्येक घटका मजुराच्याच पदरातून जाते. मंडप उभारला तरी त्यात मुले बसतात आणि आई उन्हात माती उपसत राहते. सावलीचा प्रश्न हा अशा रीतीने मजुरीचा प्रश्न बनतो.

उन्हाची मोजणी

दरम्यान ऊन मोजण्याचे शास्त्र पुढे गेले. अमेरिकन सैनिकांच्या प्रशिक्षणातील उष्माघात टाळण्यासाठी तापमान, आर्द्रता, वारा आणि उन्हाची धग एकत्र विचारात घेणारा ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ हा निर्देशांक विकसित झाला. १९५७ मध्ये त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यकिरणांचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२३ मधील संयुक्त अंदाजानुसार २०१९ मध्ये सुमारे १६० कोटी लोक कामाच्या निमित्ताने उन्हातील अतिनील किरणांच्या संपर्कात होते आणि त्यातून उद्भवलेल्या त्वचेच्या कर्करोगाने सुमारे १९ हजार मृत्यू झाले. कतारने २०२१ मध्ये उन्हाळ्यातील दुपारच्या कामावरील बंदीचा कालावधी वाढवून, वरील निर्देशांक ३२.१ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास काम थांबविण्याचा नियम केला.

भारतात २०१० च्या मे महिन्यातील तीव्र उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद महानगराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग अनुसरला. कामाच्या वेळा बदलणे, पाणी व सावली उपलब्ध करणे अशा सूचना अशा आराखड्यांत आढळतात. पण आराखड्यातील सूचना म्हणजे हक्क नव्हे. ती न पाळणाऱ्या ठेकेदाराला जाब विचारण्याचे साधन मजुराच्या हाती येत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, ऊन हे दीर्घकाळ निसर्गाच्या खात्यावर मांडले गेले, मालकाच्या जबाबदारीत नव्हे. वसाहतकाळात संरक्षण वर्णावर ठरले, कारखाना कायद्यात छपरावर आणि मळे व बांधकाम कायद्यांत पावसावर. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिने कारखाना, मळे आणि बांधकाम कामगारांचे पूर्वीचे कायदे एकत्र केले आहेत. जुन्या कायद्यांतील उणीव नव्या नियमांत भरून काढण्याची संधी त्यामुळे निर्माण झाली आहे.

त्यासाठी उन्हाचा समावेश कामाच्या धोक्यांत स्पष्ट शब्दांत होणे, कामाच्या जागेलगत सावली व पाणी असणे, उन्हाळ्यात कामाच्या वेळा पहाटे आणि सायंकाळी विभागणे आणि डोके, मान व डोळे यांच्या संरक्षणाची साधने मालकाने पुरविणे आवश्यक आहे. या सर्वांहून महत्त्वाची बाब म्हणजे विश्रांतीचा वेळ मजुरीत धरला जाणे. लोखंडे यांच्या काळातील गिरणी कामगाराने दुपारचा अर्धा तास मागून मिळविला. उघड्यावरील मजुराला तोच अर्धा तास, मजुरी न बुडता, मिळाला तरच त्याच्यासाठी उभारलेल्या मंडपाला अर्थ राहील.