पडद्यावरचे भूत की चिपमधला दोष? जुन्या 'पॅकमॅन' बोर्डाचे निदान

नाशिक, प्रतिनिधी - नाणे टाकून खेळायचे व्हिडीओ गेम पार्लर नाशिककरांच्या एका पिढीच्या आठवणीत आहेत. त्यातील बहुतेक यंत्रे कालांतराने भंगारात गेली. जी मोजकी उरली, त्यांच्या बाबतीत एखाद्या चिपचे चुकीचे निदान म्हणजे यंत्राला कायमचा निरोप ठरू शकतो. जपानच्या नामको कंपनीने १९८० मध्ये आणलेला आणि अमेरिकेत मिडवेने तयार केलेला 'पॅकमॅन'चा बोर्ड हे निदान शिकण्यासाठी उत्तम उदाहरण आहे.

या बोर्डाचा मेंदू म्हणजे झेड८० हा प्रोसेसर. चित्र मात्र दोन स्वतंत्र रॉम चिपमधून येते. '५ई' या जागेवरील चिपमध्ये चक्रव्यूह, ठिपके आणि अक्षरे यांच्या २५६ चौकटी, तर '५एफ'मध्ये पॅकमॅन आणि भुते यांच्या ६४ आकृत्या साठविलेल्या असतात. प्रत्येकीची क्षमता अवघी ४ किलोबाइट.

यंत्र सुरू होताच बोर्ड स्वतःची तपासणी करतो. त्यात प्रोग्रॅमच्या रॉम आणि रॅम तपासल्या जातात. चित्रांच्या रॉम प्रोसेसरला वाचताच येत नसल्याने त्या तपासणीतून सुटतात. म्हणूनच 'सर्व ठीक' असा निर्वाळा मिळूनही चित्र विस्कटलेले दिसू शकते.

निदानाचा क्रम असा ठेवावा. प्रथम चिपच्या पायांवर ५ व्होल्ट दाब मिळतो का, हे मोजावे. तो ४.७५ व्होल्टच्या खाली असल्यास चिपला दोष देऊ नये. नंतर वीज बंद करून सॉकेटमधील चिप हलकेच काढून, पाय स्वच्छ करून पुन्हा बसवाव्यात. दमट हवेने आणि धुळीने गंजलेले पाय हे बिघाडाचे नेहमीचे कारण असते.

त्यानंतर चित्राकडे पाहावे. भुते फाटलेली, पण चक्रव्यूह स्वच्छ असेल, तर संशय '५एफ'वर. उलट असेल, तर '५ई'वर. दोन्ही बिघडले असल्यास पुढील समाईक मंडल तपासावे. आकार अचूक, पण रंग चुकीचे असतील, तर '७एफ' आणि '४ए' येथील रंगांच्या प्रॉमकडे वळावे. स्थिर राहणारी भलतीच अक्षरे सर्वत्र दिसत असल्यास २११४ प्रकारची व्हिडीओ रॅम सदोष असण्याची शक्यता असते.

संशयित रॉम प्रोग्रॅमरवर वाचून तिचा चेकसम ज्ञात चेकसमशी ताडणे हा खात्रीचा उपाय होय. १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'मेम' प्रकल्पाने अशा हजारो खेळांच्या चिपची नोंद ठेवली आहे.

बदली चिप घेताना मात्र सावध राहावे. या बोर्डाला २५३२ प्रकारची ईप्रॉम लागते. २७३२ चीही क्षमता तेवढीच आणि पायही २४च. परंतु काही पायांची कामे वेगळी असल्याने ती थेट बसविता येत नाही. ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवर अपारदर्शक पट्टी चिकटवावी, अन्यथा उन्हातील अतिनील किरणांनी माहिती हळूहळू पुसली जाते.

शेवटची सूचना जिवाची आहे. जुन्या पडद्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब वीज बंद केल्यावरही टिकून राहू शकतो. त्या भागाला जाणकाराखेरीज कोणी हात लावू नये.