जामखेडच्या आरोग्यसेविका आणि श्रेयाचा हिशोब

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेडमध्ये काम सुरू केलं. देशाचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम यायला तेव्हा ८ वर्षं होती. आधी त्यांनी गावोगावी प्रशिक्षित नर्स पाठवून पाहिल्या. जमलं नाही. बाहेरची तरुण मुलगी गावात एकटी राहणार कशी, आणि तिचं ऐकणार कोण? मग गावातल्याच बायकांना शिकवायचं ठरलं. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित. गरोदरपणी धनुर्वाताची लस कशाला, हे शेजारणीने सांगितलं की पटतं. कोणाचं बाळ राहिलंय, हेही तिलाच ठाऊक!

तिथला अर्भकमृत्यूदर हजारी १७६ च्या आसपास होता. पुढच्या काही दशकांत तो ३० च्या खाली आला. आकडा भारीच. पण संशोधन करणाऱ्याने इथे थांबायला हवं. पाणी, पोषण, सुरक्षित बाळंतपण यांचंही काम सोबतच चालू होतं. मग लसीचं श्रेय किती? नुसत्या आधी-नंतरच्या तुलनेतून ते कळत नाही.

तुलनेचा गट घेऊन केलेला प्रयोग राजस्थानातल्या उदयपूरचा : १३४ गावं, निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध. पूर्ण लसीकरण एरवीच्या गावांत ६ टक्के, दरमहा न चुकता शिबिर भरलं तिथे १८, शिबिरासोबत डाळ आणि थाळ्या दिल्या तिथे ३९. शिबिराच्या गावांत आयांना निरोप देणारा कार्यकर्ताही होता. मात्र शिबिर आणि तो एकत्रच आले, त्यामुळे त्याचा वाटा तिथेही वेगळा निघत नाही.